गुडघा म्हणजे गाडीचा आस नव्हे



आषाढी वारीच्या दिवसांत माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घातले जाते आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. खंडाळा तालुक्यातील लोणंद हा तिचा पुढचा मुक्काम. त्या दिंड्यांमध्ये साठी-सत्तरीचे आजोबा आणि आज्या किती असतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेच असेल. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ही मंडळी पायी तोडतात. विश्रांती मिळते ती काय मुक्कामापुरती.

आता याच तालुक्यातल्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर या. कबड्डीचा सराव चालू आहे. कडेला चौदा-पंधरा वर्षांचा एखादा खेळाडू गुडघा धरून बसला आहे. असा खेळाडू आठवड्याने पुन्हा मैदानात उतरतो, महिन्याने पुन्हा कडेला बसतो आणि पुढच्या वर्षी संघात दिसतच नाही.

सत्तर वर्षांचा गुडघा चालतो आणि पंधरा वर्षांचा अडतो, हे कसे? वारीतल्या सर्वांचेच गुडघे ठणठणीत असतात असे नाही. तेल चोळणारे हात तिथेही दिसतात. तरीही प्रश्न उरतोच. गुडघा वापराने झिजत असेल, तर जास्त झिजायला हवा होता तो आजोबांचा!

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या मनात घट्ट बसलेली एक समजूत तपासून पाहावी लागेल. बैलगाडीचा आस चाकाच्या तुंब्यात फिरून फिरून झिजतो, त्याला वंगण घालावे लागते आणि एक दिवस तो बदलावाच लागतो. गुडघाही तसाच, असे आपण धरून चालतो. म्हणून घरातली वडीलधारी माणसे सांगतात, "फार पळू नकोस, म्हातारपणी गुडघे जातील." आणि मैदानावर सांगितले जाते, "काही होत नाही रे, दोन दिवस दुखेल, चालवून घे." पहिला सल्ला गुडघा जपून ठेवायला सांगतो, दुसरा तो रेटायला सांगतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. गुडघा हा निर्जीव यंत्राचा भाग आहे, ही एकच चूक दोन्हींच्या मुळाशी आहे. ती समजून घेण्यासाठी आपण सांध्याच्या आत डोकावून पाहू.

सांध्याच्या आत काय आहे?

गुडघा हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठा सांधा. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे हाड येते आणि समोर वाटी असते. ही हाडे एकमेकांवर थेट घासत नाहीत. प्रत्येक हाडाच्या टोकावर पांढरट, चकचकीत आणि गुळगुळीत असे एक आवरण असते. ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी बकऱ्याच्या पायाचा सांधा नीट पाहावा. हाडाच्या टोकाला निळसर पांढरी झाक असलेली जी टोपी दिसते, तीच ही. तिला कूर्चा म्हणतात. कोणी कास्थी म्हणतात, कोणी उपास्थी. तुमच्या नाकाचे टोक किंवा कानाचा वरचा भाग दाबून पाहा. तिथेही कूर्चाच आहे. सांध्यातली कूर्चा ही तिची चुलत बहीण समजा.

गुडघ्यातील ही कूर्चा बहुतेक ठिकाणी अवघी २ ते ४ मिलिमीटर जाड असते. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग म्हणजे निव्वळ पाणी! मग ती आपला भार सोसते कशी? तिच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या चिवट धाग्यांचे जाळे असते. त्या जाळ्यात पाणी ओढून घेणारे मोठमोठे रेणू अडकवलेले असतात. रेणू पाणी ओढून फुगू पाहतात आणि जाळे त्यांना फुगू देत नाही. घट्ट विणीच्या पिशवीत साबुदाणा गच्च भरून ती पाण्यात बुडवली, तर साबुदाणा फुगल्यावर पिशवी कशी टणक होईल? कूर्चेचा टणकपणा काहीसा तसाच असतो. सपाट रस्त्यावर साधे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. जिना उतरताना तो आणखी वाढतो, आणि उडी मारून जमिनीवर येताना तर फारच वाढतो. एवढा भार ही पातळ टोपी आयुष्यभर पेलते.

सांध्यात वंगणही असते. हा संधिद्रव निरोगी गुडघ्यात चमचाभरसुद्धा नसतो. पण कूर्चा आणि हा द्रव मिळून सांधा इतका निसरडा करतात, की बर्फावर बर्फ घसरताना होणारे घर्षणही त्यापुढे जास्त ठरावे. कोणत्याही गाडीच्या आसाला असे वंगण आजवर मिळालेले नाही.

आता एक सोपा प्रयोग करून पाहा. स्पंजाचा तुकडा पाण्यात भिजवा. दोन ताटल्यांमध्ये धरून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दाबला की पाणी बाहेर येते. खालच्या ताटलीत पाणी असेल तर सोडल्यावर ते परत आत शिरते. तुम्ही चालता तेव्हा कूर्चेत हेच घडते. पाय टेकला की कूर्चा किंचित दबते आणि तिच्यातील द्रव बाहेर पडतो. पाय उचलला की ताजा द्रव आत शिरतो. त्याच द्रवातून कूर्चेतील पेशींना अन्न आणि ऑक्सिजन मिळतो. हालचाल हेच कूर्चेचे जेवण!

रक्त नाही, वेदना नाही

हालचालीतून जेवण घेण्याची वेळ तिच्यावर का येते? कारण सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. कातडी कापली तर रक्त येते, खपली धरते आणि जखम भरते. हाड मोडले तरी ते सांधते, कारण हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो. कूर्चेला ही सोय नाही. तिच्यातील पेशीही अगदी विरळ, एकमेकींपासून दूर बसलेल्या असतात. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सांध्यांतील कूर्चेवर एक निबंध प्रसिद्ध केला. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, असे त्याने त्यात नोंदवले. याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. आज रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात बसवता येतात. स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया १९८७ मध्ये प्रथम झाली. तरी मूळच्या तोडीची कूर्चा हमखास परत आणता येईल असा उपाय अजून हाती आलेला नाही.

याचा एक विलक्षण पुरावा अणुबाँबच्या चाचण्यांतून मिळाला. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बड्या राष्ट्रांनी उघड्या हवेत अणुस्फोट केले. त्यामुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत गेला, अन्नातून माणसांत गेला, आणि शरीराचा जो भाग ज्या वर्षी घडला त्यावर त्या वर्षाचा जणू शिक्का बसला. डेन्मार्कमधील संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतील कूर्चा तपासून हे शिक्के वाचले. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: कूर्चेतील कोलॅजेनाचे जाळे बालपणी आणि किशोरवयात विणले जाते, पुढे प्रौढपणी ते जवळजवळ बदलतच नाही.

मित्रहो, याचा अर्थ तुमच्या ध्यानात आला का? तुमच्या लोणंदच्या किंवा शिरवळच्या आजोबांच्या गुडघ्यात आज जे जाळे आहे, ते ते शाळेत असतानाचे आहे! आणि तुमचे जाळे विणण्याचे काम आत्ता, या वर्षांत चालू आहे. एकदा ते पूर्ण झाले की जन्मभर तेच वापरायचे आहे.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. कूर्चेत वेदना पोहोचवणाऱ्या नसाही नसतात. गुडघा दुखतो तेव्हा दुखते ते तिच्या खालचे हाड, सांध्याचे अस्तर किंवा हाडांना बांधणारे पट्टे. कूर्चेला स्वतःला चीर पडली तरी ती ओरडत नाही. म्हणून "आता दुखत नाही, म्हणजे बरे झाले" हा हिशेब गुडघ्याच्या बाबतीत लागू पडत नाही.

जपून ठेवलेला गुडघा

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू. पळू नको, खेळू नको, म्हणजे गुडघे टिकतील. कूर्चेचे जेवण हालचालीतून येते हे कळल्यावर या सल्ल्यातील चूक तुमच्या लक्षात येईल. ज्यांचे पाय दुखण्यामुळे दीर्घकाळ निश्चल राहतात, त्यांच्या गुडघ्यांतील कूर्चा पातळ होत जाते असे आढळले आहे. उलट ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील मुलांच्या गुडघ्यांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात अधिक खेळणाऱ्या मुलांची कूर्चा अधिक वाढलेली दिसली. धावण्याबद्दलही तेच. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत आढळला, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत तो सुमारे १० टक्के होता. मात्र त्याच आढाव्यात स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे धावणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते. बेताचा वापर गुडघ्याला मानवतो, अतिरेक मानवत नाही.

वजनाचाही इथे संबंध येतो. शरीराचे वजन १ किलोने कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. हजारो पावलांचा गुणाकार तुम्हीच करून पाहा.

म्हणून मुलांना, आणि विशेषतः मुलींना, गुडघ्याची भीती घालून मैदानापासून दूर ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. वाढीच्या या वर्षांत त्यांच्या कूर्चेला हालचाल हवीच आहे.

रेटलेला गुडघा

तर मग पंधरा वर्षांचा गुडघा अडतो कशाने? तो अडतो दुखापतीने, आणि दुखापत झाल्यावर तो तसाच रेटल्याने.

गुडघ्याची हाडे अस्थिबंधांनी बांधलेली असतात. त्यांपैकी दोन अस्थिबंध सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. पुढच्या अस्थिबंधाला डॉक्टर 'ए.सी.एल.' म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि वेडेवाकडे वळू नये, हे त्याचे काम. याशिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्या भार वाटून घेतात आणि धक्के झेलतात.

आता आपले खेळ आठवा. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो, मागून कोणी त्याचा घोटा धरतो. पाऊल जमिनीत रुतलेले आणि शरीर मात्र वळलेले. खो-खोत उकिडवा बसलेला खेळाडू खो मिळताच उसळतो, खांबाशी पोहोचताच भर वेगात वळतो. कुस्तीत पायाला तिढा पडतो. अस्थिबंध तुटतो तो अशाच क्षणी. कित्येकदा तर कोणाचा धक्काही लागलेला नसतो. एकाएकी थांबताना, दिशा बदलताना किंवा उडीवरून उतरताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि "कट्" असा आवाज येतो. काही तासांत गुडघा टम्म सुजतो, कारण आत रक्तस्राव होत असतो. किशोरवयीन मुलींना हा धोका त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक असतो.

दहा-पंधरा दिवसांनी सूज उतरते, दुखणे थांबते आणि खेळाडू मैदानात परत येतो. पण अस्थिबंध तुटलेलाच असतो. सैल झालेला सांधा प्रत्येक वळणावर थोडा सरकतो आणि दर सरकण्यात चकती व कूर्चा चुरडली जाते. तीही मुकाट्याने! हा अस्थिबंध तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांच्या गुडघ्यात पुढे १० ते २० वर्षांत संधिवाताच्या खुणा दिसतात. म्हणजे पंधराव्या वर्षी पडलेल्या खेळाडूच्या गुडघ्याचे म्हातारपण तिशीतच सुरू होऊ शकते.

दुखापत झालेल्या सांध्यातील कोणताही भाग फालतू समजू नये, हे शिकायला वैद्यकालाही वेळ लागला. सटन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८९७ मध्ये त्या चंद्रकोरी चकत्यांना पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरवले होते. त्यामुळे फाटलेली चकती सबंध काढून टाकण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. १९४८ मध्ये फेअरबँक या डॉक्टरने चकती काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासली, आणि त्या सांध्यांत पुढे बदल होत जातात असे दाखवून दिले. आज शक्य असेल तेथे चकती शिवून वाचवतात. जाणत्या शल्यवैद्यांनाही गुडघा हे साधे यंत्र वाटले होते, मग आपली काय कथा!

गोळेश्वरच्या मल्लाचा गुडघा

आपल्याच जिल्ह्यातील एक नाव तुम्हाला पाठ आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. हेलसिंकीच्या वेळी खाशाबा २६ वर्षांचे होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्येही त्यांच्याकडून आशा होती. पण त्याआधी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली. एवढा कसलेला मल्ल, पण एका सांध्यापुढे सगळे थांबले. त्या काळी सांध्याच्या आत न कापता पाहण्याची साधने आपल्याकडे हाताशी नव्हती, दुखापतीनंतरच्या व्यायामाचे शास्त्रही बाल्यावस्थेत होते.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हरियाणाची विनेश फोगाट गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. मग कित्येक महिने नेमाने व्यायाम करून ती परतली, आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल व आशियाई या दोन्ही स्पर्धांत तिने सुवर्णपदके मिळवली. वेळेवर निदान, उपचार आणि धीराने घेतलेली विश्रांती यांनी काय साधते, हे यातून दिसते. प्रश्न एवढाच आहे, की हे सारे आपल्या तालुक्यातील मैदानापर्यंत कधी येणार?

माझे म्हणणे

माझे म्हणणे असे, की यातील बराचसा भाग आजच, एक पैसाही खर्च न करता येऊ शकतो. त्यासाठी शाळांनी तीन नियम करावेत.

पहिला: सुजलेला गुडघा मैदानात उतरणार नाही. उद्या जिल्ह्याची अंतिम फेरी असली तरी नाही. हा निर्णय खेळाडूवर किंवा संघनायकावर सोडू नये, कारण दोघांनाही खेळायचेच असते. तो शिक्षकांनी घ्यावा, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय फिरवू नये.

दुसरा: खेळाआधी पंधरा-वीस मिनिटे शरीराची तयारी. मैदानाला नुसता फेरा मारणे पुरेसे नाही. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून दोन्ही गुडघे वाकवत हलकेच उतरणे, उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणे आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम, हे त्यात हवे. फुटबॉलसाठी असा ठरीव कार्यक्रम २००६ च्या सुमारास तयार झाला. तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एकतृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटल्या. कबड्डी आणि खो-खोला तो लावायला कोणाची आडकाठी आहे?

तिसरा: मैदान. खडे वेचणे, खड्डे बुजवणे, उडीच्या हौदातली वाळू उकरून मोकळी ठेवणे. हे काम आठवड्यातून एकदा वर्गावर्गाने वाटून घेता येईल.

यावर काही जण म्हणतील, अशाने पोरे नाजूक होतील. पूर्वीचे पैलवान असले काही करत नव्हते. मी म्हणतो, ते करत होते! तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला उभा करत नाहीत. आधी हौद्यातील माती उकरायला लावतात. महिनोन्‌महिने जोर-बैठका काढून घेतात. मऊ माती आणि आधी बळकट केलेले स्नायू, या दोन गोष्टींचे मोल आपल्या तालमींनी शास्त्राच्या आधी ओळखले होते. शाळेच्या मैदानावर आपण नेमक्या त्याच सोडून दिल्या आणि "दुखणे गिळावे" एवढेच तालमीतून उचलले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गावात ना हाडांचे डॉक्टर, ना व्यायामोपचार करणारे. शहरात जायचे तर पैसे आणि एक दिवसाची मजुरी जाते. हे मान्य. म्हणूनच दुखापत टाळणे आणि ती वेळीच ओळखणे यांचे मोल शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. सातारा जिल्ह्यातील कितीतरी मुले पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाचे तर नावच त्या परंपरेवरून पडले आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. त्या मुलांच्या दृष्टीने गुडघा गेला म्हणजे नोकरीची एक वाट गेली. शाळेच्या एका चषकासाठी ती पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तुम्ही काय कराल?

गुडघा पिरगळला तर लगेच खेळ थांबवा. पाय उंचावर ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी थोडा वेळ लावा आणि पट्टी बेताने बांधा. ताज्या दुखापतीवर जोराने तेल चोळू नका. सांधा ओढून किंवा पिळून "बसवून" घेऊ नका; अर्धवट तुटलेला अस्थिबंध अशाने पुरता तुटू शकतो.

काही तासांत मोठी सूज आली, पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येईनात, गुडघा मध्येच अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. ताप येऊन सांधा गरम व लाल झाला असेल तर एक दिवसही थांबू नका. क्ष-किरण चित्रात हाड दिसते. कूर्चा, चकती आणि अस्थिबंध दिसत नाहीत. तेव्हा "फोटोत काही नाही" म्हणजे गुडघ्याला काही नाही, असे समजू नका. आणखी एक गोष्ट: तुमच्या वयात कधी कधी बिघाड खुब्यात असतो आणि दुखतो गुडघा. लंगडत असाल तर डॉक्टरांना खुबाही पाहायला सांगा.

दहा ते पंधरा वयाच्या खेळकर मुलांना वाटीच्या खाली नडगीवर एक दुखरा उंचवटा येतो. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चा अजून कोवळी असते आणि मांडीचा बळकट स्नायू तिथे ओढत राहतो, म्हणून हे होते. घाबरू नका. खेळ थोडा कमी केला आणि स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम केले की वाढ पुरी होताच ते बहुधा थांबते.

मित्रहो, हातात दुखणारा गुडघा धरून "सर, मला खेळता येणार नाही" असे म्हणायला धैर्य लागते. सगळा संघ तुमच्याकडे पाहत असताना तर फारच लागते. ते धैर्य दाखवा. तुमच्या सोबत्याने ते दाखवले तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याचे दप्तर उचला आणि त्याला घरी पोहोचवा. गाडीचा आस मोडला तर सुताराकडून नवा करून आणता येतो. तुमची कूर्चा मात्र तुम्ही स्वतःच, याच वर्षांत, धावून आणि खेळून घडवत आहात. ती भरपूर वापरा, आणि दुखावली तर तिला वेळ द्या.